मोर्चाचा निरोप आला की पोटात गोळा येतो, तेव्हा

प्रश्न गोरेगावात राहणाऱ्या, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या बत्तीस वर्षांच्या मुलीचा आहे. ती लिहिते: "ताई, २०१९ साली आरेच्या झाडांसाठी मी अख्खी रात्र रस्त्यावर काढली. त्यानंतर एकही हाक चुकवली नाही. आता मात्र ग्रुपवर मोर्चाचा निरोप आला की पोटात गोळा येतो. मतं तीच आहेत, पण आतून काही उसळत नाही. आपण काहीही केलं तरी व्हायचं ते होतंच, असं वाटतं. पाड्यावरच्या बाया थकत नाहीत, मग मी का थकले, याची लाज वाटते. मी ग्रुप सोडू का?"

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला तू म्हणते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात वनजमिनीच्या प्रश्नावर मी सत्तावीस वर्षं काम करते आहे. चळवळीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींची शिबिरंही घेते. शिबिर संपल्यावर, सगळे झोपायला गेले की कुणीतरी एक जण मागे रेंगाळतो आणि तू विचारलंस तेच विचारतो. दरवर्षी, न चुकता.

आधी लाजेचं बोलू. पाड्यावरच्या बाया थकत नाहीत, हे खरं नाही. त्या थकतात आणि थांबतातही. त्यांचं थांबणं तुला दिसलं नाही, कारण तू त्यांना मोर्चातच पाहिलंस. आमच्याकडे मृग बरसला की बैठका बंद होतात. आवणीच्या दिवसांत कुणाला "उद्या तहसीलला चला" म्हणायची माझी छाती होत नाही. कंबरभर वाकून भात लावणाऱ्या बाईला कुठला कायदा समजावणार? मग नागली, वरई, खुरासणी. मग दिवाळी. मग निम्मी माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला. या सगळ्यातून मोकळीक मिळाली की ती बाई स्वतःच विचारते, "आपल्या अर्जाचं काय झालं?" तेव्हा कामाला सुरुवात होते.

२०१८ चा किसान सभेचा मोर्चा तुला आठवत असेल. ६ मार्चला नाशिकहून निघाला, सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचला. शेवटच्या रात्री सोमय्या मैदानात मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची वाट अडायला नको म्हणून, फोड आलेल्या पायांनी लोक मध्यरात्रीनंतर उठले आणि अंधारातच मुंबई ओलांडली. मी त्यात होते. माझ्या पुढे चालणाऱ्या एका मावशीची चप्पल ठाण्याच्या आधीच तुटली होती, तिने ती फेकली नव्हती, पिशवीत ठेवली होती. शहरातल्या पुष्कळांना तो मोर्चा अचानक उसळलेला वाटला. पण तो शिमगा झाल्यावर निघाला, हे कुणी लक्षात घेतलं नाही. खरीप घरात आलेलं होतं, पुढच्या पेरणीला तीन महिने होते, बायकांनी तांदूळ-डाळ बांधून घेतली होती. त्या चालण्यामागे आठ महिन्यांचं न चालणं होतं.

तुझ्या कामाला असा हंगाम नाही. फोनमध्ये मृग येत नाही आणि दिवाळीही येत नाही. आरे संपतंय तोवर नागरिकत्व कायदा, मग टाळेबंदीत रस्त्याने निघालेली माणसं आणि शिध्याची पाकिटं, मग दिल्लीच्या सीमेवरचे शेतकरी, मग आणखी काही. एकाचं सुतक फिटायच्या आत दुसरं. प्रत्येक गोष्ट खरोखरच महत्त्वाची होती, म्हणून तर नाही म्हणता येत नव्हतं. पण बारमाही पाण्याखाली ठेवलेली जमीन खार धरते. तुझं तसं झालं आहे असं मला वाटतं.

आरेबद्दल मला तुला एक विचारायचं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडसाठीची झाडतोड थांबवण्याच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. २९ जणांना अटक झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांवर झाडं पडली होती. म्हणजे तू ज्या रात्री तिथे उभी होतीस, त्या रात्री तू हरलीस. हे तुला कुणी जवळ बसून, सरळ शब्दांत सांगितलं का? "हरलो, फार वाईट झालं, आज कुणी काही करू नका, घरी जाऊन जेवा" असं कुणी म्हणालं का? माझा अंदाज आहे, दुसऱ्या दिवशी पुढची हाक आली असेल. नंतर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं तेव्हा तुम्ही आनंद केला असेल, आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर ते पुन्हा आरेत आलं तेव्हा तो आनंदही परत द्यावा लागला. आता त्या मार्गावर मेट्रो धावते आहे.

मध्यंतरी आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे गेली, तुमच्या आंदोलनाशिवाय ती गेली नसती असं मी मानते. पण हे सांगून मी तुझ्या दुःखावर पांघरूण घालणार नाही. पडलेल्या झाडांचा हिशेब राखलेल्या झाडांनी मिटत नाही. आपल्या चळवळीत विजयाचे पेढे वाटले जातात, हरल्याचं रडणं मात्र ज्याने त्याने घरी जाऊन करायचं असतं. मग ते रडणं साचतं, आणि एक दिवस मोर्चाचा निरोप बघून पोटात गोळा येतो.

आता हतबलतेकडे येते. १९६७ च्या सुमाराला मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. काहींना विजेचे झटके दिले, जे त्यांना काही केल्या थांबवता येत नव्हते. नंतर त्यांना अशा जागी ठेवलं, जिथे बुटका अडसर ओलांडला की झटका चुकत होता. बरेचसे कुत्रे उठलेच नाहीत. पडून राहिले. याला त्यांनी शिकलेली असहायता म्हटलं आणि ते सगळ्या पाठ्यपुस्तकांत गेलं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून सांगितलं की आपण उलटं समजलो होतो. लांबत गेलेल्या त्रासात निपचित पडणं हे मुळातलंच असतं, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या हातून काहीतरी हलतं.

हे वाचलं तेव्हा मला माझाच काळ आठवला. आमच्या चार गावांचे शंभरावर वनहक्क दावे, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर व्हावी म्हणून केलेले अर्ज, एका कचेरीतून एकदम परत आले होते. सगळ्यांवर एकच शेरा, "पुरावा अपुरा". त्याच महिन्यात माझी आई दवाखान्यात होती आणि मी धरण्यावर बसले होते. सोबतच्या एका ज्येष्ठाला सांगितलं, तर तो म्हणाला, घरची कामं सगळ्यांनाच असतात. मी उठले नाही. आई गेली तेव्हा मी गावात नव्हते. त्यानंतर सात-आठ महिने मी दाव्यांची पिशवी उघडली नाही. नाशिकला बहिणीकडे राहिले, तिच्या मुलांना शाळेत सोडायचे, भाजी आणायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, कंबर दुखते.

परत गेले ती काही स्फूर्ती येऊन नव्हे. एका आजीचा निरोप होता, की कागद दाखवायचा आहे, येऊन जा. गेले. तिने कणगीमागून पत्र्याचा डबा काढला, डब्यातून लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून तीन पावत्या. वनखात्याच्या दंडाच्या. जंगलात नांगर धरला म्हणून तिच्या नवऱ्याला १९८७ साली पंचवीस रुपये दंड झाला होता. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला, नवऱ्याचं नाव चुकीचं लिहिलेलं, खाली त्याचा अंगठा. मी विचारलं, इतकी वर्षं कशाला जपलंस? ती म्हणाली, "पोरी, आमच्या अपमानाचा कागद आहे. पण शिक्का सरकारचा आहे, म्हणून ठेवला."

वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतात, हे दाखवावं लागतं. दंडाची पावती म्हणजे खुद्द वनखात्याने दिलेली साक्ष, की ही माणसं तेव्हा इथे नांगरत होती. शिक्षा म्हणून दिलेला कागद पुरावा म्हणून उभा राहिला. आम्ही तो जोडून, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब जोडून अपील केलं. त्या वेळी मी एक ठरवलं. शंभर दाव्यांकडे बघायचं नाही, माझ्या हाताने चौदाच करायचे. बाकीचे गावातल्या पोरांनी वाटून घेतले, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगले केले. आजीला पुढे पट्टा मिळाला. कसते दोन एकर, मिळाला त्याहून कमी. नवरा तोवर गेला होता. तिने पट्टा त्याच डब्यात, त्याच पावत्यांबरोबर ठेवला.

तो कमी पडलेला तुकडा अजून कमीच आहे. तरी त्या दिवशी माझ्या हातात काहीतरी परत आलं, आणि ते आजवर पुरलं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की तुझा उत्साह विझला याचं कारण तुझ्या श्रद्धेत शोधू नकोस, तुझ्या कामाच्या मापात शोध. तू सहा वर्षं अशाच ठिकाणी उभी राहिलीस जिथे तुझा हात पोचत नव्हता. संसदेत काय ठरेल, न्यायालय काय म्हणेल, मंत्रिमंडळ कधी बदलेल. तिथे गर्दी लागते आणि गर्दीत तू असायलाच हवं होतंस. पण गर्दीतल्या माणसाला आपल्यामुळे काय हललं हे कधीच दिसत नाही. ज्याच्याकडे गर्दीखेरीज दुसरं काही नसतं, तो फार दिवस टिकत नाही. मी अनेक चांगली मुलं अशी गेलेली पाहिली आहेत, आणि दोष त्यांचा नव्हता. त्यांना हाताशी येईल असं काम आम्ही दिलंच नाही.

तुझ्या हाताशी काय आहे ते बघ. तू गोरेगावात राहतेस, म्हणजे पालिकेचा पी दक्षिण विभाग. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायचं तर आधी नोटीस लावावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस असतात. या नोटिसा झाडांवर चिकटवलेल्या असतात, पावसाने भिजतात, फाटतात, कुणी वाचत नाही. एका विभागातल्या नोटिसा नियमित वाचणारा एक जरी माणूस असला तरी फरक पडतो. झाडाचा क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, तोडायचं कारण, हे वहीत टिपायचं. खरोखर धोकादायक झाड असेल तर सोडून द्यायचं. कारण संशयास्पद असेल तर हरकत द्यायची, पोच घ्यायची. पुनर्रोपण केलं म्हणतात ती झाडं कुठे लावली आणि किती जगली, याचा माहिती अधिकारात अर्ज करायचा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. तुझ्या अकरावीच्या चार मुलांना सोबत घेतलंस तर वर्षाच्या शेवटी त्यांना झाडं ओळखता येतील आणि सरकारी पत्र वाचता येईल. दहापैकी नऊ झाडं जातील कदाचित. जे एक राहील त्याच्याखालून तू रोज जाशील.

किंवा आरेतच परत जा, पण वेगळ्या रीतीने. तिथे सत्तावीस पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी माणसं झाडांच्या कितीतरी आधीच्या लढाया लढत आहेत. एखाद्या घराचं जातीच्या दाखल्याचं एक प्रकरण शेवटपर्यंत ने. त्यात १९५० च्या आधीचा पुरावा शोधावा लागेल, आणि कुणाच्या तरी डब्यात तो सापडेल. माझी पसंती विचारशील तर मी हेच करेन. पण दोन्ही नको करूस. एकच.

आणि टिपण ठेव. चळवळीतली माणसं भाषणं जपतात, पोचपावत्या हरवतात. नाकारलेला अर्ज, फेटाळलेली हरकत, "आपला विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही" असं उत्तर, सगळं तारखेप्रमाणे लावून ठेव. तू हरल्याचे ते कागद उद्या कुणाच्या तरी दाव्याला जोडले जातील.

काळाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण बत्तीसाव्या वर्षी सहा वर्षं म्हणजे फार वाटतात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, लाँग मार्च निघाले, तुरुंग भरले. नामविस्ताराच्या दिवशी विद्यापीठाच्या दारात उभे असलेले काही जण ठरावाच्या वेळी जन्मलेलेही नव्हते. २०१८ च्या आमच्या मोर्च्याला लेखी आश्वासन मिळालं, तरी २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा निघावं लागलं, आणि २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा. त्याच फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. पंधरवड्याच्या आत, २८ तारखेला, तो स्थगित झाला. ते दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मात्र "धीर धर" हा उपदेश तुला करण्याचा मला अधिकार नाही, आणि ज्यांची घरं जळली त्यांना तर कुणालाच नाही. एवढंच सांगते, की साडेपंधरा वर्षांच्या कामात एकच माणूस साडेपंधरा वर्षं पुढे नसतो. कुणी मध्येच लग्न करतं, कुणी आजारी पडतं, कुणी चार वर्षं नोकरी करून परत येतं. चळवळ टिकते ती या अदलाबदलीवर. तू आत्ता मागे सरकलीस तर ती अदलाबदल आहे, पळून जाणं नव्हे.

एक गोष्ट मात्र तू स्वतःला नीट विचार. थकवा वेगळा, कडवटपणा वेगळा आणि "माझ्याने काही होत नाही" हे वेगळं. ख्रिस्तिना मॅस्लॅक या संशोधक बाईंनी कामाने करपून जाण्याचे हे तीन पदर सांगितले आहेत. थकवा विश्रांतीने जातो. "माझ्याने होत नाही" हे वर सांगितल्यासारख्या हाताशी येणाऱ्या कामाने जातं. नुसती विश्रांती घेऊन त्याच कामावर परतलीस तर दोन महिन्यांत पुन्हा तिथेच येशील, म्हणून "जरा स्वतःची काळजी घे" एवढा सल्ला मला अपुरा वाटतो. कडवटपणा सगळ्यांत वाईट. ज्यांच्यासाठी लढतो त्यांचाच राग येऊ लागला, "या लोकांचं असंच व्हायला हवं" असं मनात येऊ लागलं, की त्या दिवशी थांबायचं. तुझ्या पत्रात मला तो दिसला नाही. लाज दिसली, म्हणजे माया शिल्लक आहे.

पण चळवळीपलीकडेही सगळंच फिकं झालं असेल, झोप उडाली असेल किंवा दिवसभर उठवत नसेल, जेवणाची वासना गेली असेल, वर्गात शिकवताना शब्द सापडत नसतील, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर तो राजकीय प्रश्न नाही. डॉक्टरला दाखव. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, १४४१६ क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मी त्या सात-आठ महिन्यांत कुणाला दाखवलं नाही, कंबरेचं निमित्त सांगत राहिले. दाखवायला हवं होतं.

आता ग्रुप सोडू का, याचं उत्तर. सोड. गुपचूप निघून जाऊ नकोस, त्याने तुलाच अपराधी वाटत राहील आणि मागे तर्क सुरू होतील. न कळवता आवाज बंद करूनही ठेवू नकोस, न उघडलेल्या निरोपांचा आकडा मनात वाढतच राहतो. तुझ्याकडे ज्या जबाबदाऱ्या आहेत, अटक झालेल्यांच्या वकिलांचे क्रमांक, बॅनरचं कापड, कुणाची उधारी, ते सगळं एका माणसाला समोर बसून दे. मग ग्रुपवर लिही:

"मी दिवाळीपर्यंत थांबते आहे. माझ्याकडचं सगळं सामान आणि यादी सोपवली आहे. आरेत हरलो त्याचं मला अजून वाईट वाटतं आणि ते मी कुणाशी बोलले नव्हते. ज्यांना बोलावंसं वाटतं त्यांनी येत्या रविवारी संध्याकाळी माझ्या घरी या. काही ठरवायचं नाही, फक्त जेवायचं आहे. पिठलं-भात करते."

किती जण येतात ते मला कळव.